मोबाइल चालतो, च्या चालत न्हाई

तेरला आलात की लोक तुम्हाला आधी संग्रहालयात नेतील. जरूर जा. रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थानं जमवलेल्या वस्तू तिथं मांडल्यात. मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या बाहुल्या, हस्तिदंताची बाई. मग छाती पुढं काढून सांगतील की हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या पोथीत आमच्या गावाचं नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तिथलं साधं कापड नि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जायची, तिथून समुद्रापार.

खरं आहे ते. पण मी सोलापूरकडच्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात रात्रपाळी करणारा माणूस. कापडाचं नाव निघालं की माझ्या डोक्यात पहिला सवाल येतो, सूत कुणी काढलं? विणलं कुणी? गठ्ठे कुणी उचलले, बैलांच्या जुवाच्या कातडी वाद्या कुणी कापून दिल्या? पोथीत बाजार आहे, बंदर आहे, माल आहे. राबणारा नाही. इतिहास हा गल्ल्याच्या आतल्या बाजूला बसून लिहिला जातो. गल्ल्याच्या बाहेर हात पसरून उभा राहणारा त्यात येत नाही.

म्हणून मी आज तगरचं गुणगान गाणार नाही. संग्रहालयातून बाहेर पडू नि पेठेतून चालत जाऊ. दोन हजार वर्षांचा बाजार आहे म्हणता ना? मग त्यात आम्ही कुठं आहोत, ते मोजू.

जुनी दुकानं बघा. किराणा-भुसार, कापड, सराफी, भांडी. पाटीवर आज्याचं नाव, खाली 'आणि सन्स'. काहींवर देवाचं नाव. आडनाव लिहिलेलं नसलं तरी जात वाचता येते. २०२३ साली जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. पाट्यांवर पत्ता बदलला. पाटीच्या मागं गल्ल्यावर बसणारा बदलला नाही.

आमची माणसं ह्या पेठेत नव्हती का? होती की! पोती उतरवत होती. पहाटे रस्ता झाडत होती. मेलेलं ढोर ओढत होती. लग्नात वाजवत होती नि पंगत उठेपर्यंत लांब बसत होती. बलुत्यात आम्हाला काम होतं, रोकड नव्हती. खळ्यावरचं मूठभर धान्य नि उरलेली भाकर. ज्याच्या हातात नाणंच पडत नाही त्याचा गल्ला कुठून यावा? महार-मांग वतनदारांची परिषद फेब्रुवारी १९४१ मध्ये आमच्याच तालुक्यात, कसबे तडवळ्याला भरली. बाबासाहेब स्वतः आले. तेरच्या पोरांना पेरिप्लस पाठ आहे, तडवळं पाठ नाही. हीसुद्धा एक व्यवस्थाच आहे.

आता नवी दुकानं बघा. मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सीसीटीव्ही, चायनीजचा गाडा, ब्यूटी पार्लर, थंड पाण्याचे जार. मनूच्या काळात मोबाइल नव्हता, म्हणून त्याला जात लावायची राहून गेली. त्या फटीतून आमची पोरं आत शिरली. लगेच गावातले शहाणे बोलायला लागले, "बघा, आता धंद्यात जात कुठं राहिलीय? हिंमत असंल त्यानं दुकान टाकावं."

ह्या वाक्याचा हिशोब मी घरातच करून बसलोय. तो तुमच्यापुढं ठेवतो.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा. बारावीनंतर सोलापुरात एका दुकानात दोन वर्षं फुकटात राबून मोबाइल दुरुस्ती शिकला. गावी येऊन पेठेत गाळा बघायला लागला. गाळे रिकामे होते. शटरवर 'भाड्याने देणे आहे' असं लिहिलेलं होतं. पहिल्या मालकानं बसवून घेतलं, भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालास?" दादानं सांगितलं. "भावाला विचारून कळवतो." दुसऱ्याचा भाऊ पुण्याला होता. तिसऱ्याला भाऊच नव्हता, तो म्हणाला बायकोला विचारतो. मित्रांनो, विषमतेची भाषा आता किती गोड झालीय बघा. शिवी नाही, धक्का नाही. नुसता एक भाऊ असतो, नि तो कधीच हो म्हणत नाही. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली आर्थिक बहिष्काराचंही कलम आलं. पण 'भावाला विचारून कळवतो' ह्याचा पंचनामा कोणता फौजदार करणार?

शेवटी पेठ जिथं संपते तिथं, नाल्याच्या अलीकडं पत्र्याचा गाळा मिळाला. गावकूस पडलं म्हणतात. पडलं असंल. पण त्याची रेघ भाडेकराराच्या कागदावर अजून शाबूत आहे.

तरी धंदा चालला. दादाचा हात साफ होता. सगळ्या जातींचे फोन आले. पाटलाचा आला, वाण्याचा आला, पुजाऱ्याचासुद्धा आला. दादा त्या फोनचं पोट फाडायचा, आत फुंकर मारायचा, पुसून परत द्यायचा. लोक तोच फोन गालाला घासून तासतासभर बोलायचे. विटाळ नाही, शिंतोडा नाही, गोमूत्र नाही. मी त्यावर कविता लिहिली. जात मेली, असं खुळ्यासारखं लिहून टाकलं.

मग रिचार्ज लोक घरबसल्या मारायला लागले. कमिशन बुडालं. दादानं त्याच गाळ्यात एका कडेला गॅस मांडला. च्या नि वडापाव. वडे माय करायची. मायच्या हाताला चव आहे हे आमच्या वस्तीत कुणालाही विचारा. शटर तेच, माणूस तोच, हात तेच. फोन दुरुस्तीला आलेला माणूस वीस-वीस मिनिटं उभा राहायचा. दादा म्हणायचा, "च्या घ्या सर." "नको नको, आत्ताच झाला." मित्रांनो, सगळ्या गावाचा च्या आत्ताच झालेला असायचा! मग तोच माणूस समोरच्या हॉटेलात जाऊन बसायचा, कटिंग मागवायचा नि तिथनंच हातानं खुणवायचा, झाला का फोन?

मोबाइल चालतो, च्या चालत न्हाई.

मी कविता करत बसलो नि माय पहिल्याच आठवड्यात शहाणी झाली. ती शाळेत गेलेली नाही. म्हणाली, "कानाला लागतंय तवर ठीक हाय. तोंडाला लागलं की त्यंचं बाटतंय."

मायच्या ह्या वाक्यापाशी गिरणीचा माणूस म्हणून मला थांबावंच लागतं. आम्हा गिरणीवाल्यांना हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात धाग्याला तोंड लावावं लागायचं. म्हणून सवर्ण कामगारांनी आमच्या माणसांना त्या खात्यात शिरू दिलं नाही. विणाईत मजुरी जास्त. आमच्या वाट्याला रिंग खातं, मजुरी कमी. एकाच छपराखाली, एकाच भोंग्यावर, एकाच मालकाची लूट सोसणारे कामगार. पण थुंकीची जात वेगळी! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला. मालकाविरुद्ध एकी मागता, मग खात्यातली बंदी का मोडत नाही? पुढे १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी सांगितलं की जात ही नुसती कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. हे त्यांना निव्वळ ग्रंथालयात बसून सुचलं असं मला वाटत नाही. ते गिरणीच्या दारात उभं राहून दिसत होतं.

१९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकेक करून गेल्या. त्यांच्या जागेवर मॉल नि टॉवर आले. धाग्यावरची लाळ वाळली. कपावरची अजून वाळली नाही.

इथवर सगळे माना डोलावतील. दुसऱ्याला शिव्या घातल्या की आपल्याला बरं वाटतं. आता जरा आपल्याकडं बघू.

एप्रिल आला. जयंती मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दादाच्या गाळ्यावर आली. जयभीम झाला. दादानं २१०० रुपये दिले. त्या महिन्याचं भाडं थकलेलं होतं, तरी दिले. बापाच्या नावानं हात आखडता घेता येत नाही. पावती फाडून पोरं मिरवणुकीचं नियोजन करायला बसली. कुठं बसली? समोरच्या हॉटेलात. आठ च्या, दोन प्लेट भजी. दादा गाळ्यातनं बघत होता. त्या आठ जणांतला आठवा मी होतो. सुट्टीवर आलो होतो.

मी का बसलो तिथं? मलाच मी विचारलं. असल्याच एका हॉटेलात माझ्या आज्याला कप वेगळा होता. बाहेर कोनाड्यात पालथा घातलेला, कान तुटलेला. च्या वरनं ओतायचे. पिऊन झाला की आज्यानं स्वतः विसळून परत पालथा घालायचा. तो कप फोडायला आमच्या माणसांनी मार खाल्ला. म्हणून आज तसल्या हॉटेलात मांडीवर मांडी टाकून "च्या आण" म्हणताना आमच्या अंगावर मूठभर मांस चढतं. तो आमचा विजय आहे, नि मी तो नाकारत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले ते तहान लागली म्हणून नव्हे, हे मलाही कळतं.

पण दोस्तांनो, ह्या विजयाचं बिल कोण भरतंय? तळं सार्वजनिक होतं. हॉटेलवाल्याचा गल्ला सार्वजनिक नाही. तळ्यात पाणी प्यालो तेव्हा हक्क मिळाला. हॉटेलात रोज च्या पितो तेव्हा हक्क तेवढाच राहतो, फक्त गल्ला वाढतो. नि समोर मायचे वडे गार होतात. ते आमचा च्या पीत नाहीत विटाळाच्या भीतीनं. आम्ही आमचा च्या पीत नाही प्रतिष्ठेच्या हौसेनं. दोन्हीकडून उपाशी कोण? दादाच! वरच्यांनी टाकलेला बहिष्कार आम्ही क्रांतीच्या नावानं पुरा केला.

आता कुणी म्हणेल, हा सगळा भावाच्या दुकानाचा रडगाणा आहे. तसं नाही. च्या बंद पडून सुद्धा दादा तगला असता. खरा मार आणखी एका ठिकाणी आहे नि तो कुणाला दिसत नाही.

धंदा म्हणजे भांडवल, असं आपल्याला शिकवतात. पेठेत उभं राहून बघा, धंदा म्हणजे उधारी. जुन्या दुकानदाराला लातूर, बार्शी, सोलापूरचा ठोक व्यापारी माल टाकून जातो नि पैसे महिन्यानं नेतो. का? ह्याचा बाप त्याच्या बापाला ओळखतो. सोयरीक असते, मठ एक असतो, लग्नाचा मांडव एक असतो. ह्या ओळखीला ते 'पत' म्हणतात. जणू ती अंगच्या कर्तबगारीनं मिळालेली वस्तू आहे! दादाला ठोकवाला म्हणाला, "रोख." रोखीत दहा चार्जर येतात. पेठेतला उधारीवर शंभर आणतो, त्याला स्वस्त पडतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, "तुमच्यात महाग हाय." मग गावातले शहाणे म्हणतात, "ह्या लोकांना धंदा जमत नाही." जात पूर्वी कपात दिसायची. आता ती उधारीच्या वहीत जाऊन बसलीय.

ह्यातून बाबासाहेबसुद्धा सुटले नाहीत. कोलंबिया नि लंडनला अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसानं मुंबईत शेअर-गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं नि गिऱ्हाइकं गेली. व्यवसाय बंद. पैशाचं शास्त्र त्यांच्याएवढं जाणणारा त्या बाजारात कोण होता? विद्या होती, पत नव्हती. पत जातीची होती.

सरकार म्हणेल, आम्ही बसलोय ना! महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे. २०१५ साली मुद्रा आली, शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत, तारण नको. २०१६ साली स्टँड-अप इंडिया आली. दर बँक शाखेनं किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला दहा लाख ते एक कोटी कर्ज द्यायचं होतं. वाचून डोळे दिपले. दादाला चाळीस हजार पाहिजे होते. एक योजना दहा लाखांच्या खाली बोलत नव्हती. दुसरीला तारण नको होतं, तर साहेबाला जामीनदार पाहिजे होता, तोही पगारदार. पगारदार जामीनदार घरात असता तर नाल्याच्या कडेला गाळा कशाला घेतला असता? चार चकरा झाल्या. मग दादानं खाजगी फायनान्सचं कर्ज उचललं. आज ३८ हजार अंगावर आहेत, गॅस बंद आहे, नि तो पुण्याला सिक्युरिटीत लागायचं बोलतोय. शिकलेला हात काठी धरून दुसऱ्याचं दार राखणार. म्हणजे पुन्हा येसकरच!

आमच्यातले अभ्यासू मित्र इथं मला अडवतील. म्हणतील, १९३८ ला मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही नि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. १९४७ ला 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूळ उद्योग नि जमीन सरकारच्या मालकीची करा म्हणून मांडलं. नि तू पोरांना दुकानदारी शिकवतोस? मित्रांनो, मी गिरणीत आहे. शेठ काय चीज असते हे मला पुस्तकातनं शिकायचं नाही. दहा दलित शेठ झाले म्हणून जात मरत नाही, हेही कबूल. पण मायच्या कढईला भांडवलशाही म्हणणारा क्रांतिकारक समोरच्या हॉटेलात बसून हे बोलत असेल, तर त्याच्या क्रांतीचा च्या कोण पाजतं ते त्यानं बघावं. जमीन नाही, नोकरीत भरती नाही, कंत्राटी सगळं. उरला रस्ता. त्या रस्त्यावर उभं राहायला चार हात जागा मागणं हा वर्गद्रोह नाही.

नि ही जागा किरकोळ असती तर ती हिसकावायला कुणी आलं नसतं. १९७२ साली आपल्याकडच्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्याच अमेरिकेत तुल्सा गावी ग्रीनवुड नावाची काळ्यांची पेठ होती. दुकानं, हॉटेलं, थिएटर, डॉक्टर, वर्तमानपत्र, सगळं त्यांचं स्वतःचं. ३१ मे नि १ जून १९२१, दोन दिवसांत गोऱ्या जमावानं तिची राख केली. आपल्याकडं २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला नि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. ठराव नावाचा, जळली चार पत्र्यांची घरं नि त्यातला किडूकमिडूक संसार. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. ते संसार कुणी मोजून परत दिले नाहीत. आम्ही नावाचा लढा जिंकलो, ह्याचा मला अभिमान आहे. पण नावासाठी सोळा वर्षं झुंजणारी चळवळ एका गाळ्यासाठी सोळा दिवस बसायला तयार नाही, ह्याचा रागही आहे.

म्हणून तीन गोष्टी मांडतो. पटल्या तर घ्या, नाही तर पुढच्या अंकात माझी पिसं काढा.

पहिली. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असा नियम आहे. ग्रामसभेत उठा नि त्याचा हिशोब मागा. सतरंज्या, स्पीकर, समाजमंदिराची भांडी, बास झालं. त्या पैशातून पेठेत गाळा मागा. पेठेत, नाल्याच्या अलीकडं नव्हे.

दुसरी. जयंतीच्या पावत्यांतला निम्मा पैसा एका रात्रीत स्पीकरच्या भिंतीतून कानाबाहेर जातो. तो थांबवा. त्याची भिशी करा. आजूबाजूच्या गावांत आपली पाच-सहा तरी दुकानं निघतील. सगळ्यांनी मिळून ठोक माल आणा. दहा चार्जरवाला एकटा मरतो, साठवाला भाव करतो. ते त्यांच्या सोयरिकीवर पत उभी करतात. आपण संघटनेवर उभी करू. ही दुकानदारी नव्हे, ही सहकाराची पहिली इयत्ता आहे, नि ह्यात कुणी शेठ होणार नाही अशी बांधणीही आपल्याच हातात आहे.

तिसरी सगळ्यात सोपी नि सगळ्यात अवघड. बैठक आपल्या गाळ्यावर घ्या. समोरच्या हॉटेलातला हक्क सोडू नका; कुणी कप वेगळा केला तर त्याचं दुकान डोक्यावर घ्या. पण रोजचा च्या मायच्या हातचा प्या. नि सवर्ण मित्राला हात धरून तिथं बसवा. पुरोगामी आहे म्हणतो ना? मग त्याचं पुरोगामित्व मायच्या कपाला लागू दे. आत्ताच झाला म्हणाला, तर समजून जा.

तेर गोरोबाकाकांचं गाव. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, वारीला जात नाही. पण काकांची एक गोष्ट मला आवडते. मडकी थापटायचं थापटणं घेऊन त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक टोला मारला नि कच्चं मडकं कोण ते सगळ्यांदेखत सांगितलं. नामदेवासारखा माणूस कच्चा निघाला. मग तो रुसून बसला नाही, भाजून घ्यायला गेला.

पुढच्या महिन्यात मला चार दिवस सुट्टी आहे. दादानं अजून पुण्याची गाडी धरलेली नाही. गॅसची टाकी भरून ठेवतो म्हणालाय. माय वडे करील. मी त्या गाळ्यावर सकाळी सात वाजल्यापासून बसणार आहे, थापटणं घेऊन. कोण येतंय ते बघतो.

जयभीम.